कर्नल साईक्स, घोड नदीचा मुसुल्ला आणि आठ नंबरची काठी



थोरामोठ्यांची चरित्रं शिकवताना आपण बहुतेक वेळा लांबची गावं सांगतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या मुलांना मात्र अगदी पायाखालच्या मातीतून सुरू करता येईल असं एक चरित्र आहे. माणूस इंग्रज, पण त्याच्या कामाचा मोठा भाग आपल्या घोड, भीमा आणि मुळा-मुठा नद्यांच्या काठावर झाला. नाव आहे कर्नल विल्यम हेन्री साईक्स.

माशांच्या शास्त्रीय नोंदींत हिप्सेलोबार्बस मुसुल्ला नावाचा एक मासा आहे. तो पहिल्यांदा नोंदवला गेला ते ठिकाण म्हणून घोड नदी, शिरूर अशी नोंद आहे. जगात कुठेही या माशाचा अभ्यास करायचा झाला की अभ्यासकाला शिरूरचं नाव घ्यावंच लागतं. ही नोंद साईक्स यांची. वर्गात हे एवढं जरी सांगितलं तरी मागच्या बाकावरची पोरं मान वर करतात.

हा पाठ साधारण सहावी ते आठवीसाठी आहे. यात इतिहास आहे, भूगोल आहे, थोडं विज्ञान आहे आणि शेवटी मासे धरण्याच्या काठीचं एक गणितही आहे.

बालपण आणि पलटण

साईक्स यांचा जन्म १७९० साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात झाला. अजून मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, १८०३-०४ च्या सुमारास, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. आजच्या हिशेबाने आठवी-नववीतला मुलगा. १८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, त्या वेढ्यात हा पोरगा होता. तो किल्ला काही कंपनीच्या हाती लागला नाही.

त्या काळच्या अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांचं दुभाष्यावाचून पान हलत नसे. साईक्स यांनी मात्र हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा शिकून घेतल्या आणि दुभाष्याची परीक्षाही दिली. पुढे त्यांच्या हातून जे काम झालं, त्याचं मूळ या मराठीत आहे. नदीवरच्या माणसाला थेट विचारता आलं नसतं, तर माशांची नावं त्यांच्या वहीत आलीच नसती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. एका बाजूला बापू गोखले यांच्या हाताखालची पेशव्यांची फौज, दुसऱ्या बाजूला कंपनीची. साईक्स कंपनीच्या बाजूने लढले. पुण्याच्या लढाईतही ते होते. त्याच दिवसांत शिरूर ही कंपनीची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री जी तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला भिडली, ती शिरूरहूनच निघाली होती.

हा भाग शिकवताना लपवाछपवी करू नये. ज्या माणसाने आपल्या नद्यांचे मासे मोजले, तो आधी इथे शस्त्र घेऊन आला होता. मुलं हमखास विचारतात, मग सर, हा माणूस चांगला की वाईट? उत्तर घाईने देऊ नका. आधी पुढचं सगळं सांगा, मग मुलांनाच बोलू द्या.

मोजणारा माणूस

लढाया संपल्यावर साईक्स काही वर्षं युरोपात हिंडले. १८२४ मध्ये परत आले तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. नव्याने हाती आलेल्या मुलखात नक्की आहे तरी काय, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी साईक्स यांना सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणून नेमलं.

मग सुरू झाली भटकंती. गावात माणसं किती, घरं किती, पिकं कोणती, जमीन कोणाच्या नावावर आणि कोणत्या हक्काने, पाऊस कधी, वारा कुठून, हे सगळं टिपायचं. आज जनगणनेच्या ड्युटीवर गेलेल्या आपल्यासारख्या शिक्षकांना या कामाची कल्पना सहज येईल. फरक इतकाच की तेव्हा छापील फॉर्म नव्हते, रस्तेही फारसे नव्हते.

मोजायची त्यांची एक रीत मुलांना फार आवडते. डोंगराची उंची काढायला ते साधा तापमापक आणि उकळतं पाणी वापरत. जसजसं उंच जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. समुद्रकाठी १०० अंश सेल्सिअसला उकळणारं पाणी पुण्याच्या उंचीवर सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. साधारण ३०० मीटर चढलं की एक अंशाचा फरक पडतो. महागडी काचेची यंत्रं घोड्यावरून नेताना फुटायची, पण भांडं आणि तापमापक कुठेही नेता येत होतं. या पद्धतीवर त्यांनी पुढे निबंधही लिहिला. हातातल्या कामाला पुरेल असं साधन निवडायचं, ही त्यांची सवय होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे काठीच्या वेळी तो लागणार आहे.

१८२९ च्या अखेरीस सरकारने हे पद बंद केलं. काम मात्र अर्धवट होतं. साईक्स यांनी सैन्यातून रजा घेतली आणि आकडे जुळवत बसले. जानेवारी १८३१ पर्यंत त्यांनी काम पुरं केलं आणि मग ते मायदेशी निघाले.

लांडगा, चंडोल आणि मासे

खरं तर त्यांना नेमलं होतं माणसं आणि जमीन मोजायला. पण डोळे उघडे असले की वाटेत दिसेल ते दिसतंच. साईक्स यांनी दख्खनचे प्राणी आणि पक्षी यांच्याही याद्या केल्या. भारतीय लांडग्याचं शास्त्रीय वर्णन त्यांनी १८३१ मध्ये केलं. तोच लांडगा आजही शिरूर, दौंड आणि सासवडकडच्या माळरानांवर, मेंढरांच्या वाड्यांच्या आसपास फिरतो. तळ्याकाठी स्तब्ध उभी राहणारी आणि उडताना एकदम पांढरी दिसणारी ढोकरी, म्हणजे वंचक, हिचं वर्णनही त्यांचंच, १८३२ मधलं. माळावरच्या एका तुरेवाल्या चंडोलाला तर आज इंग्रजीत साईक्सचा चंडोल असंच म्हणतात.

आता मासे. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८ मध्ये वाचला गेला. त्याचा संक्षेप १८३९ मध्ये छापला गेला आणि चित्रांसह पूर्ण निबंध १८४१ मध्ये आला. या निबंधात आपल्या नद्या आहेत. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला खुद्री त्यात आहे. आज त्याला टॉर खुद्री म्हणतात, हा महसीर कुळातला मोठ्या खवल्यांचा दणकट मासा. शिरूरला घोड नदीत मिळालेला मुसुल्ला त्यात आहे. नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुक्ता आहे. कोळूस आहे, पोटेल आहे, शिंगटी आहे, टाकरी आहे, इचकी आहे, बाळूकी आहे.

नकाशा काढून दाखवा. मुळा-मुठा शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, नदीच्या पलीकडे दौंड तालुका. घोडही पुढे जाऊन भीमेलाच मिळते. म्हणजे खुद्रीचं पाणी आणि मुसुल्ल्याचं पाणी, दोन्ही आपल्याच भागात एक होतं.

ही नावं आली कुठून? लॅटिन पुस्तकातून नाहीत. नदीवर जाळं टाकणाऱ्या, काठावर मासळी विकणाऱ्या लोकांच्या तोंडून आली. साईक्स यांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहून घेतलं आणि तेच शास्त्रीय नाव केलं. त्या काळचे इंग्रज अधिकारी पाटील हा शब्द पोटेल असा लिहीत. मग पोटेल नावाच्या माशाला नदीवर काय म्हणत असतील, याचा अंदाज मुलांना करू द्या. नुक्ता म्हणताना मराठीतला कोणता शब्द कानावर येतो, तेही विचारा. भाषेचा तास आपोआप होतो.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. काही माशांना साईक्स यांनी माणसांची नावं दिली. यॅरेल, ओगिल्बी, व्हिगर्स, ओवेन अशी ती सगळी तिकडच्या विद्वानांची. ज्यांनी मासा पाण्यातून काढून हातात दिला आणि त्याचं नाव सांगितलं, त्या भोई मंडळींपैकी एकाचंही नाव एकाही माशाला नाही. त्यांची भाषा विज्ञानात गेली, पण ते स्वतः बाहेरच राहिले. हे मुलांना सांगितलं पाहिजे. वर्गात एखाद्या मुलाचे आजोबा आजही नदीवर जाळं टाकत असतील, तर त्याला हे ऐकताना आपल्या घरातली विद्या मोठी वाटते.

यादीतला मासा आणि हातातली काठी

आता थोडं वळण घेऊ. साईक्स यांच्या यादीतले मासे आकाराने, ताकदीने, राहणीने एकमेकांपासून फार वेगळे. बाळूकी बोटाएवढी चंदेरी, वरच्या थरात झुंडीने फिरणारी. खुद्री वाहत्या पाण्यात राहणारा, अंगात जबर जोर असलेला. हे सगळे एकाच काठीने धरता येतील का?

आपल्याकडची पोरं बांबूची काठी, दोरा, गळ आणि पिठाची गोळी किंवा गांडूळ घेऊन नदीवर जातात. त्यात फेकताना वजन असतं ते गळाच्या टोकाला, गोळीला किंवा शिशाला. गोफणीतला दगड जसा जातो तसं हे. पण मासेमारीची दुसरीही एक पद्धत आहे, फ्लाय फिशिंग. यात गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून बारका किडा केलेला असतो. त्याला फ्लाय म्हणतात. त्याचं वजन जवळजवळ नसतंच. मैदानात एक दगड आणि एक कोंबडीचं पीस फेकून बघायला सांगा. पीस पायाशीच पडतं.

मग तो फ्लाय वीस पावलं दूर जातो कसा? तर इथे वजन असतं दोरीत. जाड, मेणचट आवरणाची ही दोरी आसुडासारखी मागे-पुढे उलगडते आणि टोकाच्या हलक्या फ्लायला सोबत घेऊन जाते. काठी वाकून सरळ होते आणि दोरीला वेग देते. म्हणून दोरीचं वजन आणि काठीचा ताठपणा यांचा मेळ बसावा लागतो. हलक्या दोरीला ताठ काठी दिली तर काठी वाकतच नाही. जड दोरीला मऊ काठी दिली तर ती मोडल्यासारखी लोळते.

हा मेळ कळावा म्हणून काठीच्या मुठीजवळ एक नंबर छापलेला असतो. बऱ्याच जणांना वाटतं की तो काठीच्या स्वतःच्या वजनाचा. तसं नाही. दोरीच्या पुढच्या ३० फुटांचं, म्हणजे साधारण ९ मीटरचं, वजन किती असावं ते हा नंबर सांगतो. माप आहे ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम.

- ३ नंबर : १०० ग्रेन, सुमारे ६.५ ग्रॅम
- ५ नंबर : १४० ग्रेन, सुमारे ९ ग्रॅम
- ६ नंबर : १६० ग्रेन, सुमारे १०.४ ग्रॅम
- ८ नंबर : २१० ग्रेन, सुमारे १३.६ ग्रॅम
- १० नंबर : २८० ग्रेन, सुमारे १८ ग्रॅम

हे गुणाकार मुलांकडून करून घ्या. साईक्स यांच्या काळात असे नंबर नव्हते. तेव्हा लाकडी लांब काठ्या आणि रेशीम किंवा घोड्याच्या केसांची दोरी असे. नंबरांची ही पद्धत विसाव्या शतकातली.

आता यादी आणि नंबर यांची जोडी लावू. बाळूकीसारख्या बारक्या माशांना २ ते ४ नंबर पुरे, नाहीतर मासा लागलाय हे हाताला कळतही नाही. कोळूस किंवा लहान खुद्री, शांत डोहात, तर ५ किंवा ६. चांगला वाढलेला खुद्री वाहत्या पाण्यात असेल तर ८ किंवा ९. महसीर कुळातले मोठे मासे जोरदार धारेत असतील तर ९ किंवा १०. मरळ खरं तर तेवढी मोठी नसली तरी तिला ८ लागते, कारण ती पाणवनस्पतींच्या गचपणात राहते. गळ लागला की ती आत घुसते आणि तिला तिथून ओढून काढावं लागतं. म्हणजे नंबर ठरवताना नुसता मासा पाहून भागत नाही, तो राहतो कुठे हेही पाहावं लागतं.

परिस्थितीचाही विचार हवा. चिंचणीच्या घोड धरणावर किंवा उजनीच्या फुगवट्यावर दुपारी वारा सुटला की हलकी दोरी उलटी तोंडावर येते. तिथे एक-दोन नंबर वर जावं लागतं. फ्लाय मोठा आणि पिसाळ असेल तरी दोरी जड हवी. उलट हिवाळ्यात पाणी नितळ आणि उथळ असेल तर जड दोरी धप्पकन पडते आणि मासे पळतात. तिथे हलका नंबर बरा. एकच काठी घ्यायची आणि मध्यम आकाराचे मासे धरायचे, तर ६ नंबर बऱ्याच ठिकाणी निभावते. खुद्रीच्या मागे जायचं असेल तर ८.

आणखी एक बाजू आहे, ती मुलांना जरूर सांगा. हलक्या काठीवर मोठा मासा लागला की त्याला दमवायला फार वेळ लागतो. उन्हाळ्यात पाणी गरम असतं, त्यात प्राणवायू कमी असतो. असा दमलेला मासा नंतर पाण्यात सोडला तरी बऱ्याचदा जगत नाही. बघणाऱ्याला वाटतं सोडून दिला, पुण्य लागलं. म्हणून मासा सोडून द्यायचाच असेल तर पुरेशी ताकदीची काठी वापरावी, मासा लवकर आणावा आणि पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. पावसाळा हा आपल्या नद्यांतल्या बहुतेक माशांचा विणीचा काळ, तेव्हा त्यांच्या मागे लागू नये. धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. आणि मुलांना मोठ्या माणसाशिवाय पाण्यावर पाठवू नये, हे पालकांना वेगळं सांगायला नको.

लंडनमधली वर्षं

परत गेल्यावर साईक्स १८३३ मध्ये कर्नल म्हणून सेवेतून निवृत्त झाले. दुसऱ्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनची सांख्यिकी संस्था उभी करणाऱ्यांत ते होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. दख्खनचं हवामान, जमिनीचे हक्क, प्राचीन भारत अशा विषयांवर ते लिहीत राहिले. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ मध्ये अध्यक्ष. म्हणजे १८५७ चा उठाव होण्याच्या उंबरठ्यावर कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीत हा माणूस होता. १८५७ मध्येच ते ॲबर्डीनहून ब्रिटिश संसदेत निवडून गेले आणि अखेरपर्यंत खासदार राहिले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८७३ मध्ये, मद्रास इलाख्यातले अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचं भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक मंगळूरहून निघालं आणि महसीर जगभरच्या गळवाल्यांच्या तोंडी झाला. साईक्स यांनी मासा कागदावर आणला, थॉमस यांनी त्याच्यासाठी काठी कशी धरायची ते सांगितलं.

नाव चुकलं तर काय होतं

पाठाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. नावाने काय फरक पडतो, असं कोणी विचारलं तर मुसुल्ल्याची गोष्ट सांगा.

साईक्स यांच्या मुसुल्ल्याचा मूळ नमुना आज उपलब्ध नाही. उरलं ते वर्णन आणि चित्र. पुढे कावेरी खोऱ्यातला पाठीला कुबड असलेला एक प्रचंड महसीर मुसुल्ला म्हणून ओळखला जाऊ लागला. नाव शिरूरच्या माशाचं, मासा कावेरीचा. अलीकडच्या संशोधकांनी साईक्स यांचं वर्णन पुन्हा नीट वाचलं आणि दाखवून दिलं की घोडेचा मुसुल्ला महसीर नाहीच, तो वेगळ्या गटातला मासा. मग कावेरीच्या त्या माशाचं नाव काय? ते ठरेपर्यंत २०१८ साल उजाडलं. टॉर रेमादेवी हे नाव पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त मासा म्हणून नोंदला गेला. नाव पक्कं नसल्यामुळे इतकी वर्षं त्याला वाचवण्याची यादीच तयार होत नव्हती.

खुद्रीची गोष्ट वेगळी. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून खुद्रीची पिल्लं वाढवली आणि ती देशात अनेक ठिकाणी सोडली गेली. हेतू चांगला होता. पण हा आपल्याकडचा मासा कावेरीत सोडला गेला, तिथे तो फोफावला आणि त्या कुबडवाल्या महसीराची जागा त्याने घेतली. एका नदीतला पाहुणा दुसऱ्या नदीत घरमालक होऊन बसला.

आणि आपल्या भीमेत? उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं. त्याचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. खुद्रीला वाहतं, स्वच्छ, गोट्या-वाळूचं पाणी लागतं. साठलेल्या पाण्यात चिलापी वाढली, आणि तिचं मूळ आफ्रिकेतलं. आज बाजारात मुलांना चिलापी, रोहू, कटला ओळखता येतात. नुक्ता, कोळूस, पोटेल ही नावं विचारली तर बहुतेक जण गप्प बसतात. चिलापीने कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली आहे, तेव्हा तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण नदीवरची जी नावं साईक्स यांच्या वेळी कोणालाही विचारली तरी मिळत होती, ती आज लंडनच्या छापील पानांत जास्त सुरक्षित आहेत, हे आपल्याला खटकायला हवं.

वर्गात काय करता येईल

१. साईक्स यांच्या यादीतली दहा नावं फळ्यावर लिहा. मुलांनी घरी आजी-आजोबांना, बाजारात मासळीवाल्या मावशींना ती वाचून दाखवावीत आणि त्यांच्या तोंडचा उच्चार, माशाचं वर्णन वहीत लिहून आणावं. सांगणाऱ्याचं नाव शेजारी लिहायला विसरू नये. साईक्स यांच्या यादीत जे राहून गेलं, ते आपल्या यादीत राहू नये.

२. दोन गट करा. एका गटाने माशाचं आणि पाण्याचं वर्णन सांगावं, उदाहरणार्थ एक किलोचा मासा, नितळ पाणी, वारा नाही. दुसऱ्या गटाने काठीचा नंबर सांगावा आणि कारणही द्यावं. नुसत्या नंबराला गुण नाहीत, कारणाला आहेत.

३. विज्ञानाच्या तासाला पाणी उकळून तापमापकावरचा आकडा बघा आणि आपल्या गावाची उंची काढा. नंतर नकाशातल्या उंचीशी ताडून बघा. शेगडी आणि गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावं.

४. शेवटी तो पहिला प्रश्न फळ्यावर लिहा, साईक्स चांगले की वाईट. प्रत्येकाने पाच ओळी लिहाव्यात. खडकीची लढाई, जमिनीच्या नोंदी, घोडेचा मुसुल्ला आणि नाव नसलेला भोई, या चारही गोष्टी त्या पाच ओळींत आल्या पाहिजेत, एवढीच अट घाला.

शिरूर-दौंडच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांनी गोळा केलेली माशांची नावं, सांगणाऱ्याच्या संमतीने, आपल्या शाळेच्या दप्तरी एका वहीत उतरवून ठेवा. दरवर्षी नवीन तुकडीने त्यात भर घालावी. पाच वर्षांनी ती वही उघडून बघा, एखादं नाव सांगणारा शेवटचा माणूस तुमच्याच गावात होता असंही त्यात दिसेल.